बर्फाळ देशाची आंबट शिदोरी

इसवी सन ९९७. पेचेनेग टोळ्यांनी कीव्हजवळच्या बेलगोरोद शहराला वेढा घातला होता. राजा व्लादिमीर सैन्य जमवण्यासाठी दूर उत्तरेला, नोव्हगोरोदला गेलेला. शहरातले धान्य संपत आले आणि दरवाजे उघडून शरण जावे, असे लोक बोलू लागले. तेव्हा एका म्हाताऱ्याने घराघरांतून मूठमूठ ओट, गहू, नाहीतर निदान कोंडा गोळा करायला लावला. बायकांनी तो पाण्यात कालवून त्याचे पिठूळ पाणी तयार केले. विहिरीसारखा खड्डा खणून त्यात या पाण्याचे पिंप बसवण्यात आले, तर दुसऱ्या खड्ड्यात मधाच्या पाण्याचे. मग शत्रूचे दूत बोलावले, त्यांच्यादेखत 'विहिरीतून' पीठपाणी उपसले, शिजवले आणि त्यांना खाऊ घातले. आम्हाला जमीनच पोसते, तुम्ही दहा वर्षे बसलात तरी काय होणार, असे शहरवासीयांनी सुनावले. पेचेनेग वेढा उठवून निघून गेले.

बाराव्या शतकाच्या प्रारंभी कीव्हमध्ये संकलित झालेल्या इतिवृत्तात ही हकिगत येते. ती कितपत खरी, हा भाग वेगळा. पण त्यातला पदार्थ अगदी खरा आहे. त्याचे नाव किसेल. 'किसली' म्हणजे आंबट. धान्याचे पीठ पाण्यात आंबू द्यायचे, गाळायचे आणि ते पाणी शिजवून घट्ट करायचे. ज्वारी-नाचणीच्या आंबिलीवर वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आज रशियात किसेल म्हटले की फळांच्या रसात बटाट्याचे स्टार्च घालून केलेले गोड, दाटसर पेय समोर येते. नाव तेवढे आंबट राहिले.

बेलगोरोदची जागा आजच्या युक्रेनमध्ये आहे. तेव्हाच्या 'रूस'चा वारसा आजचे रशियन, युक्रेनी आणि बेलारूसी असे तिघेही सांगतात. त्यामुळे कोणता पदार्थ कोणाचा, हा वाद न संपणारा. बीटचे लालभडक बोर्श्त जगभर 'रशियन सूप' म्हणून खपले, पण २०२२ मध्ये युनेस्कोने ते रांधण्याच्या युक्रेनी परंपरेची नोंद तातडीने जपायच्या वारशात केली. मॉस्कोच्या आसपासच्या आणि त्याहून उत्तरेच्या प्रदेशाचे रोजचे सूप बोर्श्त नव्हतेच. ते होते श्ची, म्हणजे कोबीचे, तेही बहुतेक वेळा आंबवलेल्या कोबीचे सूप. श्ची आणि काशा (धान्याची लापशी) हेच आमचे अन्न, या अर्थाची म्हण रशियन माणूस आजही सहज बोलून जातो.

या प्रदेशाचा हिशेब साधा आणि कठोर होता. शेतीचे काम चालायचे जेमतेम पाच-सहा महिने. उरलेले महिने जमीन गोठलेली, गुरांना चारा कमी, भाजीपाला शून्य. सप्टेंबरअखेर जे घरात आले, त्यावर पुढचा मे गाठायचा. टिकवण्याचे मार्ग मोजकेच होते: वाळवणे, खारवणे, गोठवणे आणि आंबवणे. रशियन स्वयंपाकाची चव या चारांनी, त्यातही शेवटच्याने घडवली. अन्न टिकावे म्हणून आणलेला आंबटपणा माणसांनाही टिकवत होता, हे मात्र विज्ञानाला फार उशिरा उमगले.

सुरुवात भाकरीपासून, म्हणजे तिथल्या काळ्या पावापासून करायला हवी. राय (आपली राई-मोहरी नव्हे) हे गव्हाच्याच कुळातले, पण गव्हापेक्षा कितीतरी चिवट धान्य. हलक्या, आम्लधर्मी जमिनीत आणि कडाक्याच्या थंडीत ते तग धरते. पण त्याच्या पिठाची एक खोड आहे. त्यात स्टार्चचे तुकडे करणारे अमायलेझ नावाचे विकर भरपूर असते. असे पीठ नुसते यीस्ट घालून भाजले, तर भट्टीच्या वाढत्या उष्णतेत हे विकर स्टार्च तोडत सुटते आणि पाव आतून चिकट, लगद्यासारखा राहतो. पीठ आधी आंबवले, की लॅक्टिक आम्लामुळे विकराला लगाम बसतो आणि पाव नीट धरतो. म्हणजे काळा पाव आंबट असतो तो हौसेने नव्हे. आंबट झाल्याशिवाय तो पावच होत नाही. विरजणासारखे जुन्या पिठाचे थोडे आंबवण घरोघरी राखून ठेवले जाई.

या सक्तीचे फायदेही होते. धान्याच्या कोंड्यातले फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवते, शरीराला मिळू देत नाही. पीठ तासन् तास आंबले, की धान्यातलेच फायटेज हे विकर कामाला लागते आणि ही पकड सैल होते. इडली-डोशाच्या पिठातही हेच घडते. शिवाय आंबट पाव लवकर बुरशी धरत नाही आणि बरेच दिवस खाण्याजोगा राहतो. तरीही उरलेला, वाळलेला पाव टाकायचा नाही. तो पाण्यात घालून पुन्हा आंबवायचा. तो झाला क्वास. व्लादिमीर राजाने गोरगरिबांसाठी गाड्यांतून अन्न वाटायला लावले, त्यात क्वासची पिंपे होती, असे त्याच इतिवृत्तात ९९६ च्या नोंदीत म्हटले आहे. क्वासमध्ये मद्यार्क नावापुरता, साधारण एक टक्क्याच्या आसपास असतो. लहान मुलेही तो पीत. नदी-विहिरीच्या कच्च्या पाण्यापेक्षा हे आंबट पेय अधिक सुरक्षित ठरते, कारण पोटाचे विकार करणाऱ्या पुष्कळ जंतूंना आम्ल सोसत नाही.

आंबटपणा सगळ्यावर उतारा होता, असे मात्र नाही. रायच्या कणसावर ओल्या हवेत अरगट ही बुरशी वाढते आणि दाण्याच्या जागी काळपट जांभळी शिंगे येतात. बाजरीवर पडणारा अरगट महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे; हा त्याचाच भाऊबंद. त्यातल्या विषारी द्रव्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, अंगाला आचके येतात, बोटे काळी पडून झडतात. रशियात हा आजार आचक्यांच्याच नावाने ओळखला जाई. अगदी १९२६-२७ मध्येसुद्धा उरल पर्वताजवळच्या भागात त्याची मोठी साथ आली होती. पीठ आंबवून किंवा पाव भाजून या विषापासून सुटका होत नाही. धान्य निवडून घेणे, एवढाच इलाज.

पावाइतकेच महत्त्वाचे कोबीचे पिंप. सप्टेंबरअखेरीस, क्रूसाचा सण झाला की गावोगावच्या बायका एकत्र जमून कोबी चिरायला बसत. गप्पा, गाणी, थट्टा यांत ढीगभर कोबी चिरून होई. (या बैठकांना 'कापूस्तनिक' म्हणत, पुढे रशियन नट-नट्यांच्या घरगुती विनोदी कार्यक्रमांनाही हेच नाव पडले.) चिरलेल्या कोबीला वजनाच्या दोन-अडीच टक्के मीठ चोळायचे, गाजर, कधी क्रॅनबेरी घालायची, लाकडी पिंपात दाबून भरायचे आणि वर दगडाचे वजन ठेवायचे. बाकीचे काम कोबीच्या पानांवरचेच जिवाणू करतात. आधी ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू साखर खाऊन आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्या वायूने पिंपातला प्राणवायू बाहेर ढकलला जातो. आम्ल वाढल्यावर हे जिवाणू मागे पडतात आणि अधिक आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस पुढे येतात. काही आठवड्यांत मिश्रणाचा सामू, म्हणजे पीएच, साडेतीनच्या आसपास येतो. इतक्या आंबटात सडवणारे जंतू टिकत नाहीत.

यातली खरी कमाई क जीवनसत्त्वाची आहे. हे जीवनसत्त्व प्राणवायूच्या संपर्कात लवकर नष्ट होते; पिंपात प्राणवायूच नसल्याने आणि आम्लाच्या आधाराने ते महिनोन् महिने बऱ्यापैकी टिकते. शंभर ग्रॅम आंबवलेल्या कोबीत ते साधारण १५ मिलिग्रॅम असते. आकडा फार मोठा नाही. लिंबू-संत्र्यात याच्या कितीतरी पट असते. पण हिरड्या सुजणे, जुन्या जखमा पुन्हा उघडणे अशी लक्षणे दाखवणारा स्कर्व्ही टाळायला दिवसाला दहाएक मिलिग्रॅम पुरतात. म्हणजे वाटीभर कोबी. श्ची करताना त्यातले बरेचसे उकळीत जाते हे खरे, पण कोबी कांदा आणि जवसाचे किंवा भांगेच्या बियांचे तेल घालून कच्चाही खाल्ला जाई. लिंगनबेरी नावाची लाल रानफळे तर नुसत्या पाण्यात बुडवून हिवाळाभर ठेवत. त्यांच्यात मुळातच बेंझोइक आम्ल असते, तेच आज कारखान्यांत परिरक्षक म्हणून वापरतात.

हे सगळे का चालते, याचा पहिला धागा एका रशियन डॉक्टरच्याच हाती लागला होता. १८८० मध्ये दोरपात (आजचे एस्टोनियातले तार्तू) येथे निकोलाय लुनिन याने उंदरांच्या एका गटाला दूध दिले आणि दुसऱ्याला दुधातले प्रथिन, चरबी, साखर व क्षार वेगवेगळे शुद्ध करून एकत्र दिले. दूध पिणारे जगले, दुसरे मेले. अन्नात या चार गोष्टींखेरीज आणखी काही अत्यावश्यक असले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. जीवनसत्त्व हा शब्द यायला अजून तीस वर्षे होती. १९०४-०५ मध्ये जपान्यांनी वेढलेल्या पोर्ट आर्थरमध्ये रशियन सैनिक मोठ्या संख्येने स्कर्व्हीने आजारी पडले. १९४१ च्या लेनिनग्राद वेढ्यात मात्र हे ज्ञान हाताशी होते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सर्वांत वाईट पाच आठवड्यांत मुले, कारकून आणि अवलंबितांना दिवसाला फक्त १२५ ग्रॅम पाव मिळत होता, तोही सेल्युलोजसारखी भर घातलेला. शहरातल्या शास्त्रज्ञांनी पाइनच्या सुयांसारख्या पानांचा अर्क काढण्याची पद्धत बसवली आणि तो कडवट काढा कारखाने व इस्पितळांत वाटला गेला. उपासमारीवर तो उपाय नव्हता. लाखो माणसे मेलीच. पण स्कर्व्हीची भर त्यात फारशी पडू दिली गेली नाही.

खारवण्यासाठी आणि आंबवण्यासाठी लागते मीठ, आणि मीठ महागले तर काय होते ते १६४६ मध्ये दिसले. झार अलेक्सेईच्या दरबाराने मिठावर जबर कर बसवला. लोकांनी मीठ घेणे कमी केले, खारवायचे मासे सडले, तिजोरीतही अपेक्षेइतके काही आले नाही. पुढच्याच वर्षी कर मागे घ्यावा लागला. पण जुन्या करांची थकबाकी वसूल करायला सुरुवात झाली आणि १६४८ च्या जूनमध्ये मॉस्को पेटले. इतिहासात तो 'मिठाचा उठाव' म्हणून नोंदला गेला आहे. भारतीय वाचकाला त्यापुढची आठवण करून देण्याची गरज नाही.

ताटात काय असावे, हे हवामानाइतकेच चर्चनेही ठरवले. ऑर्थोडॉक्स पंचांगात वर्षाकाठी जवळपास दोनशे दिवस उपवासाचे. मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य. कांदा-लसूण मात्र चालतो. मग कोबी, बीट, मुळा, वाटाणे, वाळवलेली आणि खारवलेली अळंबी, काही दिवशी मासे, आणि बकव्हीटची काशा. बकव्हीट म्हणजे आपल्याकडे उपवासाच्या पिठांत मिळणारे कुट्टू. ते गवतवर्गीय धान्य नसल्याने इथे उपासाला चालते आणि तिथेही उपासाचा आधार, हा निव्वळ योगायोग, पण मजेशीर. त्यात ग्लुटेन नसते. सोव्हिएत काळात बकव्हीटची टंचाई असायची, तेव्हा मधुमेहींना ते खास कुपनांवर मिळे.

या उपवासांचा पगडा किती होता, याची एक साक्ष महाराष्ट्रातच घडलेली आहे. त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलला उतरला. पावसाळा त्याने जुन्नरमध्ये काढला आणि पुढे तो बीदरला गेला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तके नेली होती, त्यामुळे कोणता सण आणि कोणता उपवास कधी, हेच त्याला कळेना. त्याच्या प्रवासवर्णनात इथल्या राज्यांइतकीच ही रुखरुख जागोजागी दिसते. शेवटी त्याने मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपला उपवास धरला आणि महिनाभर मांसाला शिवला नाही. दिवसातून दोनदा पाव आणि पाणी. इथे घोड्यांना हरभरे देतात, त्यांच्यासाठी खिचडीही शिजवतात, ही नोंदही त्याचीच.

बटाटा या ताटात फार उशिरा आला आणि भांडून आला. १७६५ मध्ये दुसऱ्या कॅथरिनच्या काळात त्याच्या लागवडीचे फर्मान निघाले. शेतकऱ्यांनी त्याला 'सैतानाचे सफरचंद' ठरवले. कंदाऐवजी झाडाची हिरवी फळे खाऊन विषबाधा झाल्याचे प्रकारही घडले. त्यांतल्या सोलॅनिनचा तो प्रताप. १८४० च्या दशकात सक्तीच्या लागवडीविरुद्ध उरल आणि व्होल्गा भागात दंगे उसळले, ते सैन्य पाठवून मोडावे लागले. आज बटाट्याशिवाय रशियन जेवणाची कल्पना करता येत नाही.

क्रांतीनंतर आहार हा सरकारी विषय झाला. मॉस्कोच्या पोषण संस्थेत मान्युइल पेव्हझनर या डॉक्टरांनी आजारांनुसार पंधरा क्रमांकांची 'टेबले' आखली. यकृताच्या रुग्णाला पाच, मधुमेहीला नऊ. इस्पितळांत आणि आरोग्यधामांत ती अनेक दशके चालली. १९३६ मध्ये तब्येत खालावलेल्या लोकांसाठी कमी चरबीचे, सौम्य चवीचे 'डॉक्टरी सॉसेज' निघाले. पुढे मांसाच्या टंचाईत त्याची कृती पातळ होत गेली, नाव मात्र डॉक्टरीच राहिले. हेच सॉसेज मग एका प्रसिद्ध सॅलडमध्ये शिरले. १८६० च्या दशकात मॉस्कोच्या 'एर्मिताज' उपाहारगृहात ल्युसियाँ ऑलिव्हिए हा आचारी रानपक्ष्यांचे मांस वगैरे घालून एक श्रीमंती सॅलड करत असे. सोव्हिएत घरांत पक्ष्यांच्या जागी सॉसेज, जोडीला उकडलेला बटाटा, गाजर, डबाबंद वाटाणे, खारवलेली काकडी आणि भरपूर मेयोनीज आले. लग्नाच्या बुफेत, कधी अननसाच्या फोडी घालून, मांडले जाणारे आपले 'रशियन सॅलड' हे त्याचेच दूरचे नातलग. रशियात त्याला 'ऑलिव्हिए'च म्हणतात, आणि पोषणाच्या दृष्टीने त्या ताटातली सर्वांत कमी कामाची वस्तू कदाचित तीच असावी.

आंबट दुधाचा भाग थोडा वेगळा. केफीर हे मूळचे उत्तर कॉकेशसचे. फ्लॉवरच्या तुऱ्यांसारख्या दिसणाऱ्या दाण्यांनी दूध आंबवून ते करतात. या दाण्यांत जिवाणू आणि यीस्ट एकत्र नांदतात. आतड्यातले सडवणारे जंतू माणसाला म्हातारे करतात आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू त्यांना रोखतात, असा सिद्धांत इल्या मेचनिकोव्ह यांनी मांडला आणि आंबट दुधाला जगभर प्रतिष्ठा मिळाली. त्यांना १९०८ चे नोबेल मिळाले ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. आंबट दुधाने आयुष्य वाढते हे सिद्ध झालेले नाही. दुधातली साखर न पचणाऱ्यांना केफीर सोसते, एवढे पक्के आहे.

या परंपरेची एक बाजू डॉक्टरांना आवडणारी नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. खारवलेले मासे, काकड्या, अळंबी रोज खाणाऱ्याचा हा हिशेब एका जेवणातच कोलमडू शकतो. जास्त मीठ रक्तदाब वाढवते आणि फार खारवलेल्या अन्नाचा जठराच्या कर्करोगाशी संबंध आढळला आहे. फ्रीज नसलेल्या शेतकऱ्याला ही किंमत परवडत होती. फ्रीज असलेल्याला ती मोजण्याचे कारण नाही.

दुसरा धोका अधिक तातडीचा, आणि तो जुन्या पद्धतीतून नव्हे तर ती बदलल्यामुळे आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत शहरांत लाकडी पिंपे मागे पडली. शहराबाहेरच्या छोट्या बागांतले पीक आणि जंगलातली अळंबी लोक काचेच्या बरण्यांत भरून, धातूचे झाकण यंत्राने घट्ट आवळून बंद करू लागले. अळंबीला माती चिकटलेली असते आणि मातीत क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. घरच्या भांड्यातल्या शंभर अंशांच्या उकळीने ते मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंश लागतात. हवाबंद बरणीत प्राणवायू नसतो, हे या जिवाणूला हवेच असते. पिंपातही प्राणवायू नसतोच, पण तिथे आंबटपणा पहारा देतो. सामू ४.६ च्या खाली असेल तर हे बीजाणू रुजत नाहीत. घरच्या बरणीत व्हिनेगर बेताचे पडले, की तो पहारा उठतो.

यातून तयार होणारे विष अन्नाची चव, वास किंवा रंग बदलेलच असे नाही. एकाचे दोन दिसणे, पापण्या जड होणे, घास न गिळता येणे, आवाज बदलणे आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडणे, असा या आजाराचा क्रम. ताप सहसा नसतो, त्यामुळे निदान चुकते. प्रतिविष वेळेत मिळाले आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वसन दिले, तर रुग्ण वाचतो. रशियात बोट्युलिझमच्या रुग्णांच्या चौकशीत घरी बंद केलेली अळंबी वारंवार सापडते. जून २०२४ मध्ये मॉस्को आणि इतर काही शहरांत तयार सॅलडमधून याची साथ आली, तेव्हा शेकडो लोक उपचारांसाठी पोहोचले. विष स्वतः उकळीने नष्ट होते, पण अळंबीची बरणी उघडून उकळतो कोण? ती थंडच खाल्ली जाते.

म्हणूनच अळंबी वाळवा, गोठवा किंवा उघड्या भांड्यात मीठ घालून आंबवा, पण हवाबंद करू नका. रस्त्याकडेला आजीबाई विकतात ती झाकणबंद बरणी घेऊ नका, असे तिथले डॉक्टर सांगतात. कोबीबाबत हे सांगण्याची वेळ सहसा येत नाही. शहरी फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तीन लिटरच्या काचेच्या बरणीत तो आजही आंबवला जातो. तोंडावर झाकण नसते, फडके असते. खाली उतू जाणारा रस धरायला ताटली असते. आणि वायू मोकळा व्हावा म्हणून घरातले कोणीतरी दिवसातून एकदोनदा लाकडी काडी तळापर्यंत खुपसून जाते.